परदेशात काम करायचंय, मग भाषा कोणती? नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

"जर्मन करू की जपानी?" धरमपेठ-सीताबर्डीच्या कुठल्याही भाषा-क्लासच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कोणत्या बॅचमध्ये जागा उरली आहे यावर ठरतं. प्रश्नाची सुरुवातच उलट्या टोकाने झालेली असते. भाषा ही परदेशातली नोकरी नसते, ती नोकरीला लागलेली एक अट असते. हाताशी नर्सिंगची पदवी, आयटीआयचा ट्रेड, इंजिनिअरिंग, हॉटेलचा अनुभव असं काही असेल तर भाषा त्याला दार उघडून देते. काहीच नसेल तर बी२ (सहापैकी चौथ्या पातळीची, कामापुरती) जर्मन येऊनही माणूस नागपुरातच राहतो आणि फार तर दुसऱ्यांना जर्मन शिकवतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी काम, मग देश, मग भाषा, आणि शेवटी त्या भाषेची पातळी. क्लासची फी या चारही गोष्टी कागदावर उतरल्यावर भरा.

पायरी १ : वीस जाहिराती वाचा

एक वही घ्या. तुमच्या कामाच्या, तुमच्या अनुभवाला जुळणाऱ्या वीस खऱ्या जाहिराती शोधा. जर्मनीसाठी सरकारी संकेतस्थळ 'मेक इट इन जर्मनी' आणि तिथल्या रोजगार खात्याचं पोर्टल, बाकी देशांसाठी कंपन्यांची स्वतःची 'करिअर्स' पानं आणि लिंक्डइन. एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जाहिरात यात धरायची नाही.

प्रत्येक जाहिरातीसमोर चारच गोष्टी लिहा: पद, शहर, मागितलेली भाषा आणि तिची पातळी. वीस ओळी झाल्या की चित्र आपोआप दिसतं. सॉफ्टवेअरवाल्याच्या वहीत बर्लिनच्या बऱ्याच जाहिरातींसमोर नुसतं 'इंग्रजी' आलेलं असेल, तर त्याने बी२ साठी दीड वर्ष घालवायची घाई करू नये. नर्सच्या वहीत मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीत बी२ येईल.

जाहिरातीतली भाषा नीट वाचता आली पाहिजे, कारण घोडं इथेच पेंड खातं. जर्मन जाहिरातीत 'ग्रुंटकेन्टनिसं' लिहिलं असेल तर तोंडओळख पुरते. 'फॉन फोर्टाइल' म्हणजे असेल तर चांगलं, नसेल तरी अर्ज करा. 'फ्लीसेंट' म्हणजे अस्खलित, व्यवहारात सी१ च्या आसपास. 'फेरहांडलुंग्सझिशर' असेल तर ग्राहकाशी वाटाघाटी करता येतील इतकी भाषा हवी आहे, म्हणजे नव्या माणसाने तो अर्ज सोडून द्यावा. फ्रेंचमध्ये 'कुराँ' म्हणजे अस्खलित. जपानी जाहिरातीत 'निचिजो काइवा' म्हणजे रोजचं बोलणं, साधारण एन३ (जपानीच्या पातळ्या सर्वांत सोप्या एन५ पासून एन१ पर्यंत चढत जातात). आणि 'बिझनेस लेव्हल' म्हटलं की बहुतेक ठिकाणी एन२ च्या खाली विचारत नाहीत.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगून टाकू. तुमचं इंग्रजी अजून ईमेल लिहिण्याइतकं आणि फोनवर बोलण्याइतकं पक्कं नसेल, तर तुमची पहिली परदेशी भाषा इंग्रजीच आहे. बहुराष्ट्रीय कंपनीत मुलाखतीची पहिली फेरी इंग्रजीतच होते. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. पण सचिवालयाचं रोजचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं. तरुणांसाठीच्या तिथल्या 'यंग प्रोफेशनल्स' भरतीला या दोहोंपैकी एक चांगली असली तरी चालते. यूपीएससीच्या तयारीतल्या मुलांनी परराष्ट्र सेवेसाठी आधीच स्पॅनिश-रशियन शिकून ठेवण्याची गरज नाही. निवड झाल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा नेमून दिली जाते आणि सरकारच ती शिकवतं.

शहराकडे बघून भाषा निवडू नका

नागपुरात हा गोंधळ जास्त दिसतो. मिहानमध्ये दसॉ रिलायन्सचा कारखाना फाल्कन विमानांचे भाग बनवतो, म्हणून फ्रेंच शिका असं कोणीतरी सांगतं. त्या कारखान्यात आत शिरायला आधी लागतं ते तांत्रिक काम. फ्रेंचचा उपयोग फ्रान्समधल्या प्रशिक्षणाला, तिथल्या टीमशी समन्वय ठेवणाऱ्या जागेला होतो आणि त्या जागा अनुभवी माणसांच्या असतात. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या संस्थांचं कर्ज आहे आणि डबे चीनमधून आले आहेत. म्हणून मेट्रोत लागायला तीन भाषा शिकाव्या लागत नाहीत. पैसा, यंत्र आणि भाषा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी येतात. तुमच्या वहीतल्या वीस ओळी काय म्हणतात तेवढंच बघा.

पायरी २ : पातळी आणि तास यांचं गणित

युरोपीय भाषांना ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पातळ्या आहेत. ए म्हणजे दुकानात, स्टेशनवर निभावून नेणं. बी१ म्हणजे रोजच्या आयुष्यात स्वतःचं स्वतः चालवणं. बी२ म्हणजे कामाच्या जागी न अडखळता चर्चा करणं. नोकरी खऱ्या अर्थाने बी१ पासून सुरू होते आणि बी२ ला स्थिर होते. ए२ वर थांबलेल्या भाषेला बायोडेटात एका ओळीपलीकडे फारशी किंमत नाही. त्यामुळे जर्मन ए१, फ्रेंच ए१, जपानी एन५ अशी तीन प्रमाणपत्रं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. एकच भाषा घ्या आणि ती बी२ पर्यंत न्या.

आता वेळ. ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्थेच्या (आपल्याकडे तिचं नाव मॅक्स म्युलर भवन) अंदाजानुसार जर्मनमध्ये शून्यापासून बी१ पर्यंत ४५ मिनिटांचे साधारण ३५० ते ६५० तास लागतात आणि बी२ पर्यंत ६०० ते ८००. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस क्लास धरला तर आठवड्याला जेमतेम १३ तास होतात. म्हणजे बी१ ला कमीत कमी सहा महिने, मध्यम गतीच्या माणसाला नऊ-दहा. "तीन महिन्यांत बी१" अशी पाटी दिसली की हे गणित मनातल्या मनात करा.

शब्दांचंही तसंच. ग्योटेच्या ए१ च्या यादीत सुमारे ६५० शब्द आहेत, बी१ च्या यादीत सुमारे २४००. रोज दहा नवे शब्द, एकही दिवस न चुकवता, म्हणजे आठ महिने. दहाच्या जागी तीस करून बघणारे तिसऱ्या आठवड्यात थकतात, कारण जुन्या शब्दांची उजळणी नव्या शब्दांपेक्षा जास्त वेळ खाऊ लागते. अँकीसारखं कार्डांचं मोफत अॅप ही उजळणी स्वतः लावून देतं, ते वापरा.

अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या इंग्रजी भाषिक अधिकाऱ्यांसाठी जपानी, कोरियन, चिनी आणि अरबी या चारही भाषांना सुमारे २२०० तास धरतं, आणि फ्रेंच-स्पॅनिशला त्याच्या साधारण एक तृतीयांश. हे आकडे इंटरनेटवर सगळीकडे फिरतात, पण ते इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहेत. मराठी माणसाचं गणित थोडं वेगळं पडतं. ते कसं, हे पुढे येतंच.

जर्मन : कुणाला, किती

विदर्भातून सध्या सगळ्यांत जास्त विचारणा याच भाषेची आहे आणि ती अगदी निराधार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पण करार आहे म्हणून भाषेची अट सैल झाली असं समजू नका.

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी२ लागते. डॉक्टरांना त्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते, तिची पातळी सी१. रुग्णाची माहिती घेणं, ती लिहून काढणं आणि वरिष्ठ डॉक्टरला सांगणं, हे सगळं जर्मनमध्ये. बारावीनंतर 'आउसबिल्डुंग' म्हणजे पगारी व्यावसायिक प्रशिक्षणासाठी जायचं असेल तर बी१ हा कामचलाऊ आकडा आहे, पण व्यवसाय-शाळेतले तास जर्मनमध्येच होतात, त्यामुळे बी१ वर गेलेली मुलं पहिल्या सहा महिन्यांत वर्गात मागे पडतात. जमलं तर बी२ करूनच निघा.

इंजिनिअर आणि आयटीवाल्यांची गोष्ट निराळी. 'ब्लू कार्ड' म्हणजे पदवीधर कुशल कामगारांचा परवाना मिळवायला जर्मनची अट नाही. मात्र कायमच्या वास्तव्याचा परवाना बी१ असेल तर २१ महिन्यांत मागता येतो, ए१ वर २७ महिन्यांनी. जून २०२४ पासून सुरू झालेल्या 'चान्सेनकार्टे' या नोकरी शोधण्याच्या परवान्याला किमान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी हवं आणि एकूण सहा गुण जमवावे लागतात. त्यात जर्मन ए२ ला एक, बी१ ला दोन आणि बी२ ला तीन गुण आहेत. जोडीदाराच्या व्हिसासाठी सहसा ए१ लागतं, पण ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. ही सूट माहीत नसल्याने लग्नानंतरचे चार-सहा महिने ए१ च्या परीक्षेसाठी थांबणारी जोडपी आहेत.

मराठी माणसाला जर्मन सोपी कुठे जाते? तीन ठिकाणी. एक, तिथेही तीन लिंगं आहेत, त्यामुळे निर्जीव वस्तूला 'तो-ती-ते' लागतं या कल्पनेने आपण दचकत नाही. पण आपलं लिंग तिथे चालेलच असं नाही: चंद्र तिथेही 'तो' आहे, सूर्य मात्र 'ती'. म्हणून शब्द पाठ करताना 'मोंड' असा नव्हे, 'देर मोंड' असाच करायचा. नुसता शब्द वहीत लिहिणं ही पहिल्याच आठवड्यातली चूक आणि ती बी२ पर्यंत पाठ सोडत नाही. दोन, झेड अक्षराचा उच्चार. 'त्साइट'मधला तो आवाज आपल्या 'चमचा'तला 'च' आहे. तीन, जोडवाक्यातली रचना. 'वाइल इश इन नागपूर वोने' आणि 'कारण मी नागपुरात राहतो' यांत क्रियापद अगदी एकाच जागी, शेवटी येतं.

आणि नेमकं हेच साध्या वाक्यात गोत्यात आणतं. 'इश वोने इन नागपूर' इथे क्रियापद दुसऱ्या जागी हवं, आणि मराठी डोकं ते शेवटी ढकलतं. ए१ च्या वह्यांमध्ये लाल शाई सगळ्यांत जास्त इथेच दिसते. रोज दहा साधी वाक्यं मोठ्याने म्हणून क्रियापद दुसऱ्या जागी बसवायची सवय लावा. उम्लाऊटवाला, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेला 'यू' मराठीत नाही. 'ई' म्हणता म्हणता ओठ शीळ घालण्यासारखे गोल करा, जीभ हलवू नका, तो आवाज येतो.

बी१ च्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार सुटे भाग आहेत, प्रत्येकी १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. मुलं अडकतात ती ऐकण्यात, कारण चारपैकी दोन प्रश्नांचं ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात आणि क्लासमध्ये सर तीनदा लावतात. डॉइचे वेलेवर सावकाश वाचलेल्या बातम्या मोफत मिळतात. रोज पाच मिनिटं, एकदाच ऐकायचं, मग जे कळलं ते मराठीत दोन ओळींत लिहायचं. लेखनात तासाभरात तीन मजकूर असतात, दोन साधारण ८० शब्दांचे आणि एक ४० चा. वेळ घरी लावून सराव केला नसेल तर तिसरा कोराच राहतो.

जपानी : लिपीचा डोंगर, व्याकरणाची सोबत

जपानी शिकू बघणाऱ्याला लोक कांजी अक्षरांची भीती घालतात आणि ती खरी आहे. पण वाक्यरचनेचा दिलासा कोणी सांगत नाही. क्रियापद शेवटी, आणि आपल्या विभक्ती प्रत्ययांसारखेच शब्दाला मागून चिकटणारे छोटे शब्द. 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'नि' म्हणजे ला किंवा त, 'कारा' म्हणजे हून, 'मादे' म्हणजे पर्यंत. 'नागुपूरु कारा पूने मादे' हे 'नागपूरहून पुण्यापर्यंत'च आहे, एकेका शब्दाला एकेक. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे उलटं वाटतं, आपल्याला नाही. म्हणून एक कळकळीची सूचना: जपानी इंग्रजी माध्यमातून शिकत असाल तरी वहीतले अर्थ मराठीत लिहा. वाक्य अर्धं आपोआप जुळतं.

अभ्यासाचा क्रम असा. पहिले दोन-तीन आठवडे हिरागाना आणि काताकाना या दोन वर्णमाला, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, फक्त हाताने लिहून. रोमन लिपीतली पुस्तकं वापरू नका. त्यांची सवय लागली की एन४ ला वाचनाचा वेग येत नाही. मग कांजी. एन५ ला अंदाजे १००, एन४ ला ३००, एन३ ला ६५०, एन२ ला १०००, एन१ ला २०००. हे आकडे अंदाजे यासाठी की २०१० पासून परीक्षेची अधिकृत अक्षरयादी प्रसिद्ध होत नाही. रोज तीन कांजी हा टिकणारा वेग आहे.

एन५ ते एन१ ची ही परीक्षा, जेएलपीटी, वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. अर्ज तीन-चार महिने आधी उघडतात आणि लवकर भरतात, म्हणून जुलैसाठी मार्चपासून लक्ष ठेवा. एन४ ला १८० पैकी ९० गुण पुरतात, पण ऐकण्यात ६० पैकी १९ च्या खाली आलात तर एकूण कितीही असोत, नापास. आणि सगळ्यांत मोठी मेख: या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं मुळीच नाही, सगळे पर्यायी प्रश्न. त्यामुळे एन३ चं प्रमाणपत्र खिशात असलेला मुलगा मुलाखतीत स्वतःची ओळखही सलग करून देऊ शकत नाही, हे सर्रास घडतं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास बोलण्याचा सराव लावून घ्या, ऑनलाइन का होईना.

कुशल कामगारांसाठी जपानने एप्रिल २०१९ मध्ये 'तोकुतेई गिनो' हा व्हिसा सुरू केला आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्याला एन४ किंवा संगणकावर होणारी जेएफटी-बेसिक चालते; तिथे २५० पैकी २०० गुण हवेत. शिवाय त्या त्या कामाची कौशल्य परीक्षा, आणि वृद्धसेवेच्या कामाला सेवेतल्या जपानीची आणखी एक. पहिल्या प्रकारच्या या व्हिसावर एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. हे वाक्य एजंट हळू आवाजात सांगतात. इंजिनिअरच्या व्हिसाला कायद्याने भाषेची अट नाही, पण मालक एन२ मागतो.

कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये जपानी सहकार्यातूनच उभं राहिलं, आणि तिथे किंवा दीक्षाभूमीवर जपानी पाहुणे भेटतात. दोन वाक्यं बोलायला लाजू नका, मात्र त्यांच्या दर्शनाच्या वेळेत नव्हे.

फ्रेंच : कॅनडाकडे बघा

फ्रान्समध्येच नोकरी हवी असेल तर बी२ पासून सुरुवात धरा. पण नागपूरकरांसाठी फ्रेंचचा रोकडा फायदा कॅनडाच्या 'एक्स्प्रेस एंट्री'त, म्हणजे गुणांवर कायमचं वास्तव्य देणाऱ्या योजनेत आहे. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत त्यांच्या मोजमापाची सातवी पातळी, म्हणजे ढोबळमानाने बी२, गाठली आणि इंग्रजी पाचव्या पातळीचं किंवा त्याहून वरचं असेल तर ५० जादा गुण मिळतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी स्वतंत्र फेऱ्या निघतात आणि त्यांची गुणरेषा सर्वसाधारण फेऱ्यांपेक्षा बरीच खाली असते.

इथे एक महागडी चूक होते. लोक वर्षभर खपून डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी२ करतात. डेल्फ आयुष्यभर चालतं, नावाजलेलं आहे, विद्यापीठाला उत्तम. पण एक्स्प्रेस एंट्रीला ते चालत नाही. तिथे टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच लागते आणि तिचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो. कॅनडा ठरलं असेल तर सरळ त्या परीक्षेच्या साच्यातच तयारी करा.

उच्चारात आपली अडचण शब्दाच्या शेवटी. फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजनं बहुधा गळतात आणि पुढच्या शब्दात स्वर आला की अचानक परत येतात. कागदावर कळणारं वाक्य कानाला म्हणूनच कळत नाही. पहिल्या दिवसापासून ध्वनीसकट वाचा. आरएफआयवर सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या लिखित मजकुरासह मिळतात.

बाकीच्या, थोडक्यात

रशियन: विदर्भातून एमबीबीएसला रशियाला जाणाऱ्यांसाठी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा, किमान ५४ महिन्यांचा, आणि त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. वर्ग इंग्रजीत झाले तरी वॉर्डातला रुग्ण रशियनच बोलतो. ३३ अक्षरं आणि ए१ इतकी भाषा विमानात बसण्याआधी करून जा, तिसऱ्या वर्षी शोधाशोध नको.

स्पॅनिश: शिकायला सोपी, वीस देशांची राजभाषा, पण त्या देशांत भारतीयांना नोकऱ्या मोजक्या. तिचा उपयोग पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या कंपन्यांत स्पॅनिश भाषक ग्राहक सांभाळायला जास्त होतो. नुसत्या भाषांतराच्या भरवशावर मात्र कुठलीच भाषा घेऊ नका. साधं भाषांतर आता यंत्र करतं. माणसाला पैसे मिळतात ते कायदा, औषध, यंत्रसामग्री असा विषय कळत असेल तर.

कोरियन: मालिका बघून सुरुवात करणारे खूप. हांगुल लिपी चार दिवसांत येते, वाक्यरचना मराठीच्या वळणाची. पण कोरियाच्या सरकारी कामगार भरतीच्या, ईपीएसच्या देशांत भारत नाही. "ईपीएसवर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो.

चिनी: यंत्रं आणि सुटे भाग मागवणाऱ्या व्यापाऱ्याला खरोखर उपयोगी, नोकरी शोधणाऱ्याला कमी. अरबी: आखातात कार्यालयीन काम इंग्रजीत आणि साइटवर हिंदीत निभतं, अरबी लागते ती ग्राहकाला थेट भेटणाऱ्याला. तिथेही पुस्तकी अरबी आणि रस्त्यावरची अरबी वेगळी, हे क्लास लावण्याआधी विचारून घ्या.

पायरी ३ : क्लास निवडताना

शिक्षकाची स्वतःची पातळी विचारा. जर्मन-फ्रेंचला सी१, जपानीला एन२ यापेक्षा खाली असेल तर ए१ पुरतं ठीक, पुढे नाही. एका पातळीला किती तास देणार ते लेखी घ्या. ए१ ला ६० घड्याळी तासांपेक्षा कमी असेल तर शिकवणं घाईत उरकलं जाणार. बॅच बारा-पंधराच्या वर असेल तर बोलण्याची पाळी येत नाही. ए१ ते बी२ चं एकत्रित पॅकेज घेऊ नका, कारण ए२ नंतर शिक्षक बदलणं किंवा बॅच बंद पडणं हे नेहमीचं आहे. क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र वकिलातीत चालत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची बॅच घ्यायची नाही. ४५ अंशांत तुम्हीही जाणार नाही आणि सरही.

पदवीच करायची असेल तर पुण्याइतकंच हैदराबादकडे बघा. तिथलं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ नागपूरहून पुण्यापेक्षा जवळ आहे.

पायरी ४ : परीक्षा आणि कागद

परीक्षेला बाहेरगावी जाण्याचा खर्च आधीच धरा. जर्मनसाठी पुणे-मुंबईचं मॅक्स म्युलर भवन सगळ्यांना माहीत असतं, पण हैदराबादचं ग्योटे-त्सेन्ट्रुमही आहे. फ्रेंचसाठी भोपाळ आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी अलियान्स फ्रान्सेज ही फ्रेंच भाषेची संस्था आहे, भोपाळ तर सर्वांत जवळ. हवी ती पातळी त्या सत्रात तिथे घेतात का, हे बघूनच रेल्वेचं तिकीट काढा. जागा उघडल्या की लगेच संपतात, म्हणून पुण्याची एकच तारीख धरून बसू नका.

नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला हवा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, पावतीसह. भाषेचा क्लास चालवणारा हा आपोआप भरती एजंट होत नाही. "भाषा, व्हिसा, नोकरी, सगळं मिळून चार लाख" असं कोणी म्हणालं तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा.

शेवटचा अडथळा नावाचा. परीक्षेच्या अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरायचं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आधारवर तिसरंच नाव. प्रमाणपत्रावर छापलेलं नाव नंतर बदलून घेणं कटकटीचं असतं. म्हणून नाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करा, मग परीक्षेचा अर्ज भरा. पासपोर्टच नसेल तर ए१ चा क्लास सुरू होईल त्याच आठवड्यात त्याचा अर्ज टाका.